दोन लग्नं, एक बाप

धाकट्याच्या लग्नात साक्षीदार कुणी व्हायचं हे ठरवायला सगळे रविवारी दुपारी लाँड्रीच्या वरच्या घरात जमले, आणि थोरला मुद्दामच उशिरा वर गेला. खाली तसं काही काम नव्हतं. रविवारी दुकान बंद. पण वाफेच्या इस्त्रीचा पाइप गळतोय असं त्यानं बायकोला सांगितलं, आणि न गळणारा पाइप फडक्यानं पुसत बसला. वरून हसण्याचे आवाज येत होते. त्यात बाबांचं हसणं वेगळं कळत होतं. बाबा हल्ली फार हसायचे. आई गेल्यापासून ज्या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे ओढून काढावा लागे, तो धाकट्याचं लग्न ठरल्यापासून सकाळी अंघोळ करताना गायला लागला होता.

वर गेल्यावर त्याला पहिलं दिसलं ते हे, की बाबांच्या शेजारी चष्मेवाला बसलाय.

चष्मेवाला म्हणजे धाकट्याचा जोडीदार. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, घरातल्या एकूण एक माणसाचे डोळे त्यानं तपासले होते, म्हणून थोरल्याच्या बायकोनं त्याला हे नाव ठेवलं होतं. माणूस वाईट आहे असं कुणाला म्हणता आलं नसतं, आणि थोरल्याची नेमकी तीच अडचण होती. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज संध्याकाळी येऊन डोळ्यांत थेंब घालायचा तो चष्मेवाला. त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत कागद छापून आणायचा तो चष्मेवाला. आणि आता काही दिवसांपासून तो त्यांना सरळ 'बाबा' म्हणत होता. थोरल्यानं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो कुणाच्या तरी ओव्हरकोटाला कव्हर चढवत होता. ते प्लास्टिक मधोमध फाटलं.

"आलास? बस, बस," बाबा म्हणाले. "भाषण वाचत होतो. थांब, पहिल्यापासून वाचतो."

"नको बाबा, चालू द्या तिथूनच."

"तिथूनच कसं? सुरुवातच तर चांगली जमलीय."

आत्यानं कपाळाला हात लावला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. धाकट्याच्या लग्नाला ती येणार होती, पण फक्त जेवणापुरती, आणि हे तिनं प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं होतं.

बाबा मानवतावादी मंडळाचे जुने कार्यकर्ते. पुरोहित नको, देव नको, माणसानं माणसाला दिलेला शब्द पुरे, अशा पद्धतीनं लग्नं लावणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दोन पुरुषांना, दोन बायकांना लग्न करता यावं असा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं चौकात फलक धरून उभे राहिले. तेव्हा तर धाकट्यानं त्यांना स्वतःबद्दल काही सांगितलंही नव्हतं. एकदा त्यांच्यावर कुणीतरी अंडी फेकली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, लोक दुकानात येऊन बाबांचे हात हातात घेऊन गेले. कोटावरचे डाग थोरल्यानं काढले. अंड्याच्या डागाला गरम पाणी लावलं की तो कायमचा बसतो. गार पाण्यानं, हलक्या हातानं, पुन्हा पुन्हा टिपावा लागतो. बाबांनी फोटो चौकटीत लावला. कोटाचं काय झालं हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

आता देशभर मतदान होऊन तो कायदा झाला होता. आणि त्या कायद्याखाली स्वतःच्या मुलाचं लग्न बाबा स्वतः लावणार होते.

त्यांनी कागद दूर धरला. "मी आजवर पुष्कळांची लग्नं लावली. पण बाप म्हणून आपल्या मुलाच्या लग्नात उभं राहण्याचं भाग्य मला आज पहिल्यांदा मिळतंय."

थोरल्याची बायको चहा ओतत होती. तिचा हात थांबला. धार थांबली. मग तिनं पुढचा कप घेतला. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

उलट धाकट्यानं टाळी वाजवली. "पहिल्यांदा म्हणजे अगदी खरं हं! तुला तो किस्सा सांगितलाय का मी?" तो चष्मेवाल्याकडे वळला. "दादाच्या लग्नात बाबा कुठे होते?"

"सांगितलायस," चष्मेवाला म्हणाला. त्यानं थोरल्याकडे एकवार पाहिलं.

"पुन्हा ऐक. वहिनीच्या माहेरचे लोक श्रद्धाळू, लग्न प्रार्थनाघरात. बाबा म्हणाले, विधीला मी उभा राहणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. आणि घरी तरी बसावं की नाही? नाही! नवा सूट घालून समोरच्या फुटपाथवर, पेपर उघडून. आत लग्न चाललंय आणि नवऱ्या मुलाचा बाप रस्त्यापलीकडे! एक बाई त्यांना येऊन सांगते, अहो, हा थांबा बंद झालाय, इथे बस येत नाही!"

सगळे हसले. आत्याही हसली. बाबा तर डोळे पुसायला लागले. थोरलाही हसला. गेली कितीतरी वर्षं तो या किश्शावर हसत आला होता, आणि त्याचं हसणं आता इतकं तयार झालं होतं की ते त्याला विचारून येत नसे.

"बरं, आता साक्षीदार," बाबा म्हणाले. "एक वहिनी, एक दादा. ठरलं ना?"

"एक मिनिट, बाबा," चष्मेवाला म्हणाला. "दादांना अजून माझ्या आईचं सांगितलेलं नाही." तो थोरल्याकडे वळला. "दादा, आई पहिल्यापासून फार धार्मिक. मी तिला आमच्याबद्दल सांगितल्यावर किती वर्षं ती माझ्याशी बोलत नव्हती, तुम्हाला माहीत आहे. आता येते म्हणाली. पण तिला आमच्या डोक्यावर हात ठेवून एक प्रार्थना म्हणायचीय. तिचं म्हणणं, त्याशिवाय तिच्या लेखी लग्न झालंच नाही. मी बाबांना भीत भीतच विचारलं."

"त्यात भ्यायचं काय?" बाबा म्हणाले. "म्हणू दे की! त्या बाईंनी एवढं मन मोठं केलं, मला दोन मिनिटं बाजूला मान खाली घालून उभं राहता येत नाही? तेवढ्यानं माझं तत्त्व काही मरत नाही."

थोरल्यानं हातातला कप बशीत ठेवला. तो नीट ठेवला गेला, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"साक्षीदार दुसरा बघा," तो म्हणाला. "मी होणार नाही."

कुणाला आधी कळलंच नाही. मग धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू एका बाजूनं उतरत गेलं. "दादा," तो म्हणाला. "तूसुद्धा?"

त्या 'तूसुद्धा'चा अर्थ थोरल्याला कळला. एका वाक्यात तो खोडून काढता आला असता. पण ते वाक्य काय, तर बाबा माझ्या लग्नाला आले नाहीत. केस पिकायला लागलेल्या माणसानं, भरल्या घरात, असं बोलायचं? त्याला लाज वाटली. तो उठला आणि जिना उतरून खाली गेला.

खाली त्यानं दिवा लावला. या लग्नाचे दोन्ही सूट शेवटच्या दांडीवर टांगलेले होते, एक राखाडी, एक गडद निळा. दोन्हींना त्यालाच इस्त्री करायची होती. बाबा त्या बाईंसाठी मान खाली घालणार होते. कोण कुठली ती बाई! आईनं तेव्हा किती विनवलं होतं, नुसतं मागच्या रांगेत बसा म्हणून. जे आपल्या आईला मिळालं नाही, ते चष्मेवाल्याच्या आईला मागताक्षणी मिळालं. आणि देणाऱ्याला त्यात काही देतोय असंही वाटत नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. आत्या कठडा धरून खाली उतरत होती.

"बरं केलंस," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. "या घरात एक तरी शहाणा निघेल, याची मला खात्री होती."

कुणीतरी आपल्या मागोमाग खाली आलं, हे थोरल्याला बरं वाटलं. नाही म्हटलं तरी बरं वाटलं.

"आता असा ठाम राहा. तू नाही, मी नाही, म्हटल्यावर चुलत मंडळींपैकीही कुणी येणार नाही. ती माझ्याच तोंडाकडे बघतात. मग करू दे तुझ्या बापाला भाषण, भिंतींपुढे."

थोरल्याला लग्नाचा हॉल डोळ्यांपुढे दिसला. रिकामा. बाबा मोठ्या अक्षरांचा कागद धरून उभे, आणि ऐकायला कुणी नाही. त्याला ते चित्र आवडलं. क्षणभर नव्हे, चांगला बराच वेळ आवडलं.

"तुझं लग्न म्हणजे लग्न होतं," आत्या पुढे म्हणाली. "संसार झाला, मुलगी झाली. यांचं काय? दोन बाप्यांनी हात धरायचे आणि आपण टाळ्या पिटायच्या. हा आजार आहे, आजार. तुझ्या बापानं फलक धरला म्हणून आजार बरा होतो का?"

धाकट्यानं हे सगळ्यांत पहिल्यांदा सांगितलं होतं ते थोरल्याला, याच खोलीत, कॉलेजात असताना. वर ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं आधी वाफेची इस्त्री चालू केली होती. दात वाजत होते पोराचे, आणि खोलीत तर घाम येत होता. "मी आजारी आहे का, दादा?" असंच त्यानं विचारलं होतं. थोरला म्हणाला होता, आजारी असतास तर मी तुला डॉक्टरकडे नेलं असतं, आता जेवायला चल. एवढंच. यापेक्षा चांगलं त्याला तेव्हा सुचलं नव्हतं.

"आजार नाही तो, आत्या."

"मग तू का नाही म्हणालास?"

"बाबा माझ्या लग्नात बाहेर उभे होते म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

"अरे, त्याला किती वर्षं झाली! मला वाटलं, तुला या प्रकाराची शिसारी आली."

"शिसारी नाही. हेवा वाटतो," थोरला म्हणाला, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याला हलकं वाटलं. "माझं भांडण बाबांशी आहे. त्याच्या आड उभी राहून तू धाकट्यावर दगड मारू नकोस."

"म्हणजे आता मीच वाईट!"

"तू आलीस तर त्याला आनंद होईल. पण हे मनात ठेवून येणार असशील तर जेवायलाही येऊ नकोस. आणि चुलत मंडळींना फोन करशील, तर तुझ्यामागोमाग मी पण करीन."

आत्या उठली. दुकानाच्या दाराची कडी तिला निघेना. थोरल्यानं पुढे होऊन ती काढून दिली. ती गेली, नीट जा म्हणायचीही तिनं संधी दिली नाही.

तो मागे वळला तर धाकटा जिन्याच्या तळाशी उभा.

"कुठपासून ऐकलंस?"

"शिसारीपासून."

थोरल्यानं राखाडी पँट काढून इस्त्रीच्या टेबलावर पसरली. हातांना काहीतरी हवं होतं. त्यानं शिवणीला शिवण जुळवली, वाफ सोडली. धाकटा समोर येऊन उभा राहिला.

"मला वाटलं, तूही त्यांच्यातलाच निघालास."

"मूर्ख आहेस."

"मग वर बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मला बाबा हवे होते, असं? तुझ्या लग्नाच्या बैठकीत?"

धाकटा म्हणाला, "तो बसचा किस्सा मी अख्ख्या जगाला सांगतो. तू हसतोस म्हणून सांगतो."

"न हसून काय करू? तत्त्व होतं म्हणे. ठीक आहे, तत्त्व तर तत्त्व. मी ते गिळलं. आणि आज कळतं, की ते दोन मिनिटं बाजूला ठेवता येत होतं. माझ्यावर शिकले आणि तुझ्याकडे पास झाले."

वाफेचा लोट दोघांच्या मध्ये आला आणि विरला.

"तुला एक सांगू?" धाकटा म्हणाला. "त्या दिवशी मी तुझ्या मागेच उभा होतो. नवे बूट चावत होते. आणि सगळं प्रार्थनाघर तुझ्याकडे बघून खूश होतं. अनोळखी बायकासुद्धा रडत होत्या. मी तेव्हा लहान, पण मला माझ्याबद्दल कळून चुकलं होतं. मला वाटलं, माझ्याकडे असं कुणी कधी बघणार नाही. इतका जळलो मी तुझ्यावर! घरी येऊन तुझ्या केकचा वरचा थर बोटानं उकरून ठेवला."

"तो तू होतास?"

"मीच. तुझं लग्न व्हावं की न व्हावं, यावर कुणी मतदान घेतलं होतं का? माझ्यावर घेतलं. या गल्लीतली अर्धी माणसं विरोधात मत देऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच काउंटरवर शर्ट टाकून गेली. मी त्यांना पावती लिहून दिली. त्या सगळ्या वर्षांत एक माणूस माझ्या बाजूनं रस्त्यावर उभा होता. मला तो सोडता येत नाही, दादा. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

"सोड कोण म्हणतंय?"

"मग काय म्हणतोयस?"

थोरल्यानं पँट उलटी केली. दुसरा पाय जुळवताना त्याला वेळ लागला. "मला तेवढाच हवा होता, एवढंच म्हणतोय. तुझ्यातला काढून नकोय."

धाकट्यानं टेबलावरून हात पुढे करून त्याच्या मनगटावर ठेवला. इस्त्री गरम होती, म्हणून थोरला "अरे, भाजशील" म्हणाला, आणि धाकट्यानं हात तसाच राहू दिला.

पँट टांगून थोरला एकटाच वर निघाला. धाकटा म्हणाला, तू हो पुढे, मला जरा तोंड धुऊ दे.

जिन्याच्या वळणावर त्याला बायकोचा आवाज ऐकू आला, म्हणून तो थांबला. चष्मेवाला स्वयंपाकघरात कप विसळत होता, नळ चालू होता. अर्धवट उघड्या दारातून खोलीत बाबा आणि ती, दोघंच दिसत होती.

"माझ्यामुळे का?" ती विचारत होती.

"तुझ्यामुळे काय?" बाबा म्हणाले.

"बाहेर उभे राहिलात ते."

"काहीतरीच काय! विधीमुळे. सगळ्यांना सांगितलं होतं मी."

"सगळ्यांना सांगितलंत. मला नाही. मी दारातून बाहेर आले तेव्हा समोर पहिले तुम्हीच दिसलात, पेपरच्या मागे. तुम्ही पेपर खाली केला नाहीत. मला वाटलं, यांना मी नको आहे. या घरात इतकी वर्षं वावरले, तुमची पथ्यं सांभाळली, सासूबाईंचं शेवटचं सगळं केलं, तरी अजून कधीकधी दार उघडताना मला ते वाटतं. आज तुम्ही त्या बाईंचं मन इतकं पटकन ओळखलंत, म्हणून विचारते. माफी नकोय मला. तेव्हा मी तुम्हाला आवडले होते की नव्हते, एवढंच सांगा."

थोरला भिंतीला टेकला. इतकी वर्षं त्यानं हे दुखणं एकट्याचं म्हणून जपलं होतं. बायकोलाही तेच लागलंय का, हे त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर वाटून द्यावं लागलं असतं.

बाबांनी चष्मा काढून हातात धरला.

"मी वाचत नव्हतो काही," ते म्हणाले. "आतलं ऐकू येतंय का, ते बघत होतो. तुझं नाव घेतलेलं ऐकू आलं. त्याचंही आलं. मी रस्त्यात उतरलो होतो, पोरी. अर्ध्यापर्यंत आलो होतो. मग मंडळाचा एक माणूस सायकलवरून जाताना दिसला, आणि मी परत फिरलो. तत्त्वासाठी उभा होतो, हे अर्धवट खरं आहे. उरलेलं, मला हरल्यासारखं दिसायचं नव्हतं." ते थांबले. "आवडली होतीस. पहिल्याच दिवशी. या खोलीत बसून तू माझ्याशी देवावरून भांडलीस, चहा गार होईपर्यंत. मी तुझ्या सासूला रात्री म्हणालो, ही मुलगी घरात आली तर मजा येईल."

"त्यांना म्हणालात," बायको म्हणाली. "मला म्हणायचं होतंत."

"हो. तुला म्हणायचं होतं."

ती "बरं," म्हणाली, आणि पदराशी काही चाळा न करता, डोळेही न पुसता, कप पुसायला चष्मेवाल्याच्या मदतीला आत गेली.

थोरल्याला तिचा हेवा वाटला. तिनं एक प्रश्न विचारला आणि उत्तर घेऊन चालती झाली. तो पायऱ्या चढून खोलीत आला. बाबांनी वर पाहिलं. चष्मा काढल्यामुळे त्यांचे डोळे लहान आणि उघडे दिसत होते.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"आणि तुला? तुला काय विचारायचंय?"

विचारायचं पुष्कळ होतं. अंघोळ करताना, गिऱ्हाइकाची वाट बघताना, त्यानं ते शब्द कितीदा जुळवले होते. आता बाप समोर बसला होता, थकलेला, ऐकायला तयार, आणि त्याला त्यातला एकही शब्द धरता येईना.

"हॉलवर किती वाजता पोचायचं?" तो म्हणाला.

बाबांचा चेहरा उजळायला लागला. "म्हणजे तू सही करणार?"

"करणार. पण तुम्ही सांगितलंत म्हणून नाही." थोरला खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसला. "तो माझा भाऊ आहे म्हणून. आपल्या दोघांचं अजून व्हायचंय, बाबा. ते लग्नानंतर."

बाबांनी मान हलवली. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, सवयीनं हातही वर गेला. मग तो हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि थोरला पुढे काय म्हणतो ते नुसते ऐकत बसले.